ओवणे आणि उठणे

एकदा एक शिष्या आपल्या गुरूच्या दारात मण्यांची पेटी परत करायला आली. शिष्येचे वय अठ्ठावन्न होते आणि गुरूचे ब्याऐंशी.

गुरू म्हणजे नदीकाठच्या एका लहानशा गावातली वृद्धा. पटवेकऱ्यांच्या घरात ती जन्मली होती. मणी आणि मोती ओवणे हे तिच्या घरचे पिढीजात काम. तिचे खरे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. सारा गाव तिला अक्का म्हणे. शिष्येचे नाव सगुणाबाई.

सगुणाबाईंचे आयुष्य चारचौघींसारखेच गेले होते. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या, नंतर मुलाचे शिक्षण आले, नंतर पतीचे दीर्घ दुखणे. पती निवर्तले तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. पुढे काही महिन्यांनी एका लग्नात रुखवत पाहताना त्यांची पावले थबकली. हिरव्या मण्यांचे दोन पोपट होते, लाल चोचींचे, अगदी आता उडतील असे. मागच्या बायका पुढे सरकल्या, तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या अक्कांकडे गेल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "या वयात मला हे येईल का?" स्वतःसाठी काही मागण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

अक्कांनी त्यांचे हात हातात घेऊन पाहिले आणि उद्यापासून यायला सांगितले.

दोन वर्षांत सगुणाबाईंचा हात असा बसला की शिकवणारीलाही नवल वाटावे. दुपारची जेवणे आटोपली की त्या माजघराच्या कोपऱ्यात चटई टाकून बसत. सुईच्या टोकावर मणी आपण होऊन चढू लागत आणि मनातली सारी गलबल शांत होई. मुलगा दिनकर तालुक्याच्या गावी नोकरीला होता. सून शुभदा शाळेत शिक्षिका होती. घरी असे ती चार वर्षांची नात, जाई. बालवाडीतून आली की संध्याकाळपर्यंत ती आजीजवळच राही.

त्या वर्षी देवीच्या देवळाच्या पंचांनी ठरवले की गाभाऱ्याला मण्यांची नवी महिरप करायची. नवरात्रात घट बसण्यापूर्वी ती लागली पाहिजे. अक्कांची दृष्टी आता इतक्या बारीक कामाला पुरत नव्हती. त्यांनी सगुणाबाईंचे नाव सुचवले. ज्या बाईला गावात आजवर 'दिनकरची आई' याखेरीज ओळख नव्हती, तिच्याकडे पंच घरी चालत आले. तो मान सगुणाबाईंनी मस्तकी लावला आणि त्या कामात बुडून गेल्या.

महिरपीच्या दोन्ही अंगांना मण्यांचा एक एक पोपट करायचा होता, आणि काम मोजदादीचे होते. पोपटाच्या पंखाची एक एक ओळ म्हणजे चाळीस-चाळीस मणी, मध्येच रंग बदलणारे. एक मणी चुकला तर पंख वाकडा होई. जाई जवळ येऊन काही बोलू लागली की सगुणाबाई मान वर न करता म्हणत, "थांब हं बाळा, एवढी ओळ होऊ दे." ओळ झाली की दुसरी सुरू होई. रागावून त्या कधीच बोलल्या नाहीत, पोरीला खाऊपिऊ घालण्यात कधी कसूर केली नाही. म्हणूनच आपले काही चुकते आहे असे त्यांना वाटले नाही. जाई थोडा वेळ उभी राही आणि मग निघून जाई.

श्रावणातली एक दुपार होती. जाई येऊन म्हणाली, "आजी, कान." सगुणाबाई म्हणाल्या, "हो हं, ओळ होऊ दे." काही वेळाने ती पुन्हा आली, पुन्हा तेच म्हणाली आणि पुन्हा तेच ऐकून गेली. तिसऱ्या वेळी ती काही बोलली की नुसतीच उभी राहिली, हे सगुणाबाईंना पुढे कितीही आठवून आठवले नाही. पाच वाजता शुभदा घरी आली तेव्हा लेकरू पलंगाखाली निजले होते. अंग तापाने फणफणले होते आणि उशाला घेतलेल्या फडक्यावर पू मिसळलेल्या रक्ताचा डाग होता.

डॉक्टर म्हणाले की कानाचा पडदा फुटला आहे. वयाने लहान आहे, भरून येईल. पण दुखणे सकाळपासूनचे असणार, पोर बोलली कशी नाही? शुभदानेही जाईला जवळ घेऊन तेच विचारले, की एवढे दुखत होते तर आजीला का नाही सांगितलेस.

"सांगितलं," जाई म्हणाली. "ओळ चालली होती."

त्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडतो आहे किंवा दूध उतू गेले आहे, असे एखादे मूल सांगते तसे ते सांगणे होते. दारापाशी उभ्या असलेल्या सगुणाबाईंनी ते ऐकले. मुलगा आणि सून दोघेही त्यांना एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले.

त्याच दिवशी मण्यांची पेटी माळ्यावर गेली. पुन्हा सुईला हात लावायचा नाही, असा नेम त्यांनी देवापुढे केला. महिनाभरात जाईचा कान बरा झाला. सगुणाबाई आता सावलीसारख्या तिच्या मागे असत. ती अंगणात गेली की या अंगणात, ती खेळू लागली की या शेजारी बसलेल्या. पण जाई त्यांना हाक मारीत नसे. काही हवे असले तर ती आई येईपर्यंत थांबे, किंवा शेजारच्या काकूंकडे जाई. इकडे सगुणाबाईंचे हात रिकामे होते आणि मन अधिकाधिक कडवट होत चालले होते. आमटीत मीठ कमी पडल्याचे निमित्त झाले आणि एके दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेले की या घरासाठी मी माझे होते नव्हते ते सोडले.

शुभदा हळूच म्हणाली, "आई, सोडा असं तुम्हाला कोण म्हणालं होतं?"

दुसऱ्या दिवशी पेटी काखोटीला मारून त्या अक्कांच्या दारात उभ्या राहिल्या. महिरपीचे काम दुसऱ्या कुणाला द्यावे, हे मणी ठेवून घ्यावेत आणि आपल्याला मोकळे करावे, असे त्यांनी सांगितले. काय घडले तेही सांगितले. काही लपवले नाही.

अक्कांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्या दुपारी तू उठली का नाहीस?"

"ओळीत सदतीस मणी होते, अक्का," सगुणाबाई मान खाली घालून म्हणाल्या. "उठले असते तर सगळे निसटले असते."

अक्कांनी पेटी तिथेच ठेवायला सांगितली आणि उद्यापासून तीन दुपारी यायला सांगितले. सगुणाबाई नको म्हणत होत्या. पण शुभदाला कळले तेव्हा तिने शाळेत तीन दिवस अर्धी रजा मागितली आणि जाईला आपल्याजवळ ठेवून सासूबाईंना पाठवले.

पहिल्या दुपारी अक्कांनी सुई हातात दिली आणि अर्धवट राहिलेल्या पंखाची ओळ ओवायला सांगितली. नेम मोडतो म्हणून सगुणाबाईंचा जीव कचरला, पण गुरूचा शब्द मोडवेना. वीस-बावीस मणी झाले असतील, तोच अक्का म्हणाल्या, "सगुणा, ऊठ. दाराशी कोण आलंय बघ." सगुणाबाई लगबगीने उठल्या. मणी सळसळत चटईवर सांडले. दाराशी कोणी नव्हते. त्यांनी मणी वेचून पुन्हा ओळ धरली. तीस मणी झाले आणि अक्का म्हणाल्या, "ऊठ, मला पाणी दे." पाणी दिले, ते त्यांनी न पिताच बाजूला ठेवले. मग खिडकी लावायला उठवले, मग तीच खिडकी उघडायला. असे त्या दुपारी अकरा वेळा झाले. संध्याकाळी पाहावे तर एकही ओळ पुरी नव्हती.

दुसऱ्या दुपारीही तोच प्रकार. सहाव्यांदा मणी सांडले तेव्हा सगुणाबाईंचे डोळे भरून आले. शिक्षाच करायची असेल तर सरळ करा, असे त्या म्हणाल्या. अक्कांनी त्याकडे लक्ष दिले नाही. त्या म्हणाल्या, "ऊठ, अंगणात ऊन कुठवर आलंय ते सांग."

रात्रभर सगुणाबाई विचार करीत राहिल्या. अक्का निष्ठुर नव्हत्या, हे त्यांना ठाऊक होते. मग हे काय चालले आहे? तिसऱ्या दुपारी त्या ओवायला बसल्या तेव्हा त्यांचे कान सुईपेक्षा अक्कांच्या आवाजाकडे अधिक होते. हाक आली. या वेळी त्या धडपडून उठल्या नाहीत. शेजारच्या वाटीतला एक टपोरा मणी त्यांनी सुईवर घेतला, दोरा त्याच्यातून पुन्हा एकदा फिरवून तो घट्ट बसवला, सुई उशीत टोचली आणि मग उठल्या. उठताना मान वर होती. मणी जागच्या जागी राहिले. सांगितलेले काम करून त्या परत आल्या, टपोरा मणी काढला, ओळ मोजली आणि पुढचा मणी घेतला. दोरा अडवायला आणि सोडवायला मिळून चार श्वासांपेक्षा अधिक वेळ लागला नाही.

अक्कांनी त्यानंतर त्यांना उठवले नाही. ओळ पुरी होऊ दिली. मग त्या म्हणाल्या, "सगुणा, चूक माझी आहे. मी तुला ओवायला शिकवलं, उठायला शिकवलं नाही. माझ्या आईनं मला आधी उठायला शिकवलं होतं. आमच्या घरात चूल, पाळणा आणि मणी एकाच खोलीत असायचे, तिथे उठता आल्यावाचून बसताच येत नसे. तुझी दुपार मोकळी आहे असं मी समजले आणि तो धडा गाळला. ज्याला उठता येत नाही ना, त्याला दोनच वाटा दिसतात. बसूनच राहायचं, नाहीतर पुन्हा बसायचंच नाही. तू आधी एक धरलीस, मग दुसरी. पेटी माळ्यावर गेली, पण तू त्या ओळीतून अजून उठलेली नाहीस. पोरीच्या मागे फिरतेस आणि मन मण्यांशी भांडतंय. तिला ते कळत नसेल का? मणी ओव. देवीची महिरप कर. पण हाक आली की पुरती ऊठ, आणि परत आलीस की पुरती बस."

सगुणाबाईंनी मनातले विचारले, "आणि ती आता हाकच मारत नसली तर?"

"तर थांब," अक्का म्हणाल्या. "इतके दिवस ती थांबली. आता थोडी तू थांब."

पेटी पुन्हा घरी आली. सगुणाबाईंनी माजघराचा कोपरा सोडला आणि ओसरीवर, दाराकडे तोंड करून चटई टाकली. नवरात्र जवळ आले तेव्हा त्यांनी स्वतः पंचांकडे जाऊन सांगितले की डावीकडचा पोपट अपुरा आहे, या वर्षी जुनीच महिरप राहू द्यावी. पंचांना ते फारसे रुचले नाही. नवी महिरप चैत्रात लागली, ती गोष्ट पुढची. सांगायचे आहे ते दसऱ्यानंतरच्या एका दुपारचे.

तोवर जाई ओसरीवरून येई-जाई, पण थांबत नसे. सगुणाबाई पाहत आणि ओवीत राहत. त्या दुपारी ती उंबऱ्यावर उभी राहिली. तिची नजर दोऱ्यावर होती. ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आजी."

सगुणाबाईंनी टपोरा मणी घेतला, दोरा फिरवला, सुई टोचली आणि त्या उठून उंबऱ्याशी तिच्या शेजारी जाऊन बसल्या. जाईने एकदा चटईकडे पाहिले, एकदा आजीच्या रिकाम्या हातांकडे. मग ती सांगू लागली. बालवाडीत आज शेळी शिरली होती. तिने बाईंचा कागद खाल्ला. मग ती पाटीपण खाणार होती, पण पाटी कडक होती. सगुणाबाईंनी विचारले, शेळी कोणत्या रंगाची होती? काळी, आणि एक पाय पांढरा. कोणता पाय? जाईला विचार करावा लागला. पुढचा, ती म्हणाली. आणि मग स्वतः शेळी होऊन तिने तो पाय उचलून दाखवला. सगुणाबाईंना हसू आले. कितीतरी दिवसांनी आले.

सांगणे संपले. जाई आजीला टेकून थोडी बसली, मग उठून फ्रॉक झटकीत म्हणाली, "झालं माझं. आता तू तुझी ओळ कर."

आणि ती अंगणात पळाली.

सगुणाबाई उंबऱ्यावरच बसून राहिल्या. पोरीला सारी दुपार देता येत नाही म्हणून त्यांनी इतके दिवस जिवाला घोर लावून घेतला होता. पोरीने सारी दुपार कधी मागितलीच नव्हती. थोड्या वेळाने त्या चटईवर आल्या, सुई उचलली, आणि एक कान अंगणाकडे ठेवून मोजू लागल्या.

आपल्याही हातात काही ना काही ओवणे चाललेलेच असते. हाक आली तर उठता येईल का, एवढे ज्याने त्याने पाहावे.