सत्कार झालेला माणूस

"मी त्यांना काय कमी केलं, बाबा?"

दाऊदबाबा फकीर होते. ओढ्याच्या काठी त्यांचा तकिया होता. चिंचेच्या सावलीत दोन चटया, एवढाच पसारा. समोरच्या चटईवर श्रीपाल मगदूम बसला होता. वडिलांच्या मागे गावातली फौंड्री आता तो चालवत होता. मांडीवर त्यानं एक पिशवी धरली होती.

"कुणाला?" बाबांनी विचारलं.

"गेनबाकाकांना. काल त्यांचं दहावं झालं."

गेनबा श्रीपालच्या वडिलांच्या वेळेपासून भट्टीवर होता. अलीकडे त्याचा हात कापायला लागला होता. एके दिवशी वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात पडण्याऐवजी जमिनीवर सांडला. कुणाला इजा झाली नाही.

त्याच आठवड्यात श्रीपालनं गेनबाचा सत्कार केला. सगळ्या कामगारांसमोर नारळ दिला, शाल पांघरवली. "काका, खूप कष्ट केलेत. आता घरी आराम करायचा. पगार चालूच राहील," असं सांगितलं. टाळ्या पडल्या. गेनबा शालीची टोकं धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन गेटवर आला.

"आत घेतलं नाहीस?" बाबांनी विचारलं.

"वॉचमनला मीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या भल्यासाठीच, बाबा. आत आले असते तर भट्टीकडेच गेले असते."

"मग?"

"समोरच्या टपरीवर बसून राहायचे. कारखाना सुटला की सगळ्यांबरोबर घरी जायचे. पगार बँकेत जमा होत होता... घरी कुणाला कळलंच नाही. सुनेनं रोज डबा करून दिला."

बाबांनी मान खाली घातली.

"एक दिवस टपरीवर दिसले नाहीत. त्यांनी अंथरूण धरलं होतं. मी भेटायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. म्हणाले, 'मालक, साच्याची वाळू चाळायला तरी बसवायचं होतं.'"

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार... मला ते सुचलंच नव्हतं."

ओढ्यापलीकडे कुणी तरी म्हशीला हाका मारत होतं. श्रीपालनं पिशवीतून नवी शाल काढली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवली.

"आता भट्टीवरच्याच सर्जेरावांचं तसंच झालंय. त्यांना नीट दिसत नाही, पण ते लपवतात. परवा पाय भाजला, तरी बूट घालून दिवसभर काम करत राहिले. संध्याकाळी बूट काढला तेव्हा कळलं. मी विचारलं, का सांगितलं नाहीत? ते नुसते गेटकडे बघत राहिले. भट्टीवरची सगळीच जुनी माणसं आता माझ्यापासून काही ना काही लपवतात."

"आणि ही शाल?"

"सर्जेरावांसाठी. उद्या सत्कार आहे. तुम्ही हात लावून द्या."

बाबा चिंचेच्या बुंध्याला धरून उठले. त्यांनी शाल उचलली, उलगडली आणि श्रीपालच्या खांद्यावर घातली.

"श्रीपालशेठ," ते म्हणाले, "तुम्ही फार वर्षं इथं आलात. थकलात. आता येऊ नका. दर गुरुवारी प्रसाद घरी पोचेल."

बाबा त्याला लहानपणापासून अरे-तुरे करत. श्रीपालला वाटलं, थट्टा आहे. तो हसला.

बाबा हसले नाहीत.

तेवढ्यात एक बाई तापलेलं मूल घेऊन आली. बाबा तिच्याकडे वळले. मुलाच्या कपाळावर हात ठेवून हळू आवाजात बोलत राहिले. मग एक म्हातारा आला, त्याच्याशीही बोलले. बाई गेली, म्हातारा गेला. श्रीपाल तिथंच बसून होता. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बाबा... माझं काही चुकलं का?"

"छे, छे. तुमच्या भल्यासाठीच."

श्रीपालनं शाल ओढून काढली. घडी करायला गेला, ती होईना. शेवटी बोळा करून पिशवीत कोंबली.

"मी काय करायला हवं होतं? त्या हातात रस देऊन कुणाला भाजू द्यायचं होतं?"

"नाही."

"मग?"

चटईवर पडलेली चिंचेची पानं बाबा एक एक उचलून बाजूला टाकत होते.

"गेनबाकाकांचं आता काही करता येईल, बाबा?"

"नाही."

"सुनेला भेटून..."

"भेट. पण ते तसंच राहणार."

श्रीपालचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत. उठून चपला घातल्या, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"सत्कार नाही करत. उद्या सकाळी सर्जेरावांच्या घरी जातो. त्यांना काय सांगू?"

बाबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अजून सांगायलाच निघालायस? विचारायला नाही?"