पंतांचे गुडघे आणि सुभानाचा पाय

सुभाना भोयाचा पाय मोडला तो दिवाणसाहेबांची पालखी वाहताना. आणि सुभानाचा पाय अगदी ठणठणीत आहे, असा निकाल दिला तोही दिवाणसाहेबांनीच!

राजे निंबराज यांच्या राज्यात एक आधारकोठी होती. सुगी झाली की प्रत्येक चाकर टोपलीभर धान्य तिच्यात ओतायचा. चाकरीत कुणाचा हात-पाय गेला, तर त्याच्या घरी जन्मभर कोठीतून धान्य जायचं, असा कायदाच होता. कोठीची किल्ली दिवाण त्र्यंबकपंतांच्या कमरेला. धान्य आत जाताना कोठीचं दार सताड उघडं असे. बाहेर काढायची वेळ आली की कुलूप हमखास गंजायचं!

सुभानाच्या घरी चूल थंड पडली, तेव्हा त्याची लेक गोजरा गडावर दाद मागायला गेली.

"ज्याचा पाय मोडला त्यानं स्वतः यायचं," पंत म्हणाले. "तुझा पाय मोडलाय का?"

"न्हाई, सरकार."

"मग तू कशाला आलीस?"

गोजरा खाली उतरली. दुसऱ्या दिवशी चार भोयांनी सुभानाला झोळीत घालून गडावर आणलं आणि भर दरबारात राजांपुढे ठेवलं. पंतांनी घसा खाकरला.

"सुभाना, लहानपणी पायात कधी काटा मोडला होता?"

"मोडला असंल की, सरकार. अनवाणी माणसाला काटा मोडायचाच."

"झालं तर! म्हणजे पायाचं दुखणं जुनं. जुन्या दुखण्याला कोठी बांधलेली नाही!"

"सरकार," गोजरा म्हणाली, "काटा टाचंत व्हता. हाड नडगीचं मोडलंय!"

"टाच काय, नडगी काय, पाय तोच ना? बरं, तोंड शाबूत आहे ना याचं? मग पहाऱ्यावर बसून आरोळ्या ठोकता येतील. ज्याला काही ना काही काम करता येतं, तो अपंग कसला?"

"मग द्या आबाला पहाऱ्याचं काम!"

"जागा रिकामी नाही," पंत म्हणाले.

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. पंतांनी तिकडे डोळे वटारले आणि शेवटचा घाव घातला.

"आणि मुख्य मुद्दा असा, महाराज, की हा माणूस गडावर पोहोचलेला आहे! जो गडावर पोहोचला, त्याचे पाय शाबूत. दावा खारीज!"

गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं. ती राजांकडे वळली. "महाराज, तुमीच सांगा, ह्यो न्याय हाय का?"

राजे मनाने वाईट नव्हते, पण हट्टी होते. "दिवाणांचा निकाल आम्ही फिरवत नाही. आमच्या आजोबांपासूनचा रिवाज आहे. मात्र एक सवलत देतो. गडावर पोहोचलेल्या माणसाचे पाय शाबूत असतीलच असं नाही, हे दिवस मावळायच्या आत पंतांच्याच तोंडून वदवून घे. जमलं तर धान्य तुझं. नाही जमलं, तर पुन्हा दारात यायचं नाही!"

पंत मिशीतल्या मिशीत हसले. असलं काही बोलण्यापेक्षा त्यांनी ओठ शिवून घेतले असते.

गोजराने डोळे पुसले. "बरं, महाराज," एवढंच म्हणाली आणि बाहेर पालखीपाशी बसलेल्या भोयांकडे गेली.

उन्हं कलली, दरबार उठला. राजे सदरेच्या पायरीवर येऊन उभे राहिले; पोरगी काय करते ते त्यांना पाहायचं होतं. पंत गडाखाली घरी जायला पालखीत ऐसपैस बसले.

"उचला!"

भोई हाताची घडी घालून बसलेलेच.

"अरे, उचला म्हणतो ना! बहिरे झालात?"

गोजरा पुढे झाली. "पालखी कशाला, सरकार? चालत जावा की!"

"चालत? अगं, माझे गुडघे गेलेत! म्हणून तर महाराजांनी मला पालखी दिली. साऱ्या राज्याला ठाऊक आहे!"

"पर तुमी तर गडावर पोचलाय," गोजरा म्हणाली. "म्हंजी गुडघं शाबूत! लहानपणी कधी रांगताना खरचटलं असंल, तेच जुनं दुखणं म्हनायचं. उतरा, सरकार, पायऱ्या वाट बघत्यात!"

भोई खो खो हसले. पंतांचा चेहरा लालबुंद झाला. ते पालखीतूनच ओरडले, "मूर्ख पोरी! मी काय चढून आलोय? मला उचलून आणलंय! उचलून आणलेला माणूस गडावर पोहोचला, म्हणून काय त्याचे पाय शाबूत ठरतात?"

गोजरा राजांकडे वळली आणि तिने वाकून मुजरा केला. तटावर अजून ऊन होतं.

"महाराज, साहेब बोललं!"

पंतांनी झटकन तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. "महाराज, ते... ते मी माझ्या पायांबद्दल म्हणालो! या भोयाच्या पायांबद्दल नव्हे!"

"मग तुमीच ठरवा, सरकार," गोजरा म्हणाली. "उचलून आनलेल्याचं पाय मोडकं असू शकत्यात, तर आबाला धान्य द्या. न्हाई म्हनत असाल, तर पालखी सोडा!"

पंतांनी गडाच्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग गोजराकडे. मग पुन्हा पायऱ्यांकडे. कमरेची किल्ली काढून त्यांनी मुकाट्याने पुढे केली.

राजे इतके हसले, इतके हसले, की हुजऱ्याला त्यांच्या डोक्यावरचा मंदिल सावरावा लागला! "पंत, ती किल्ली आता त्या पोरीच्याच कमरेला राहू द्या. आजपासून कोठीचे दावे ती ऐकेल. आणि उतरा खाली! आज पालखीतून सुभाना जाईल."

सुभानाला उचलून पालखीत बसवलं. जन्मभर पालखी वाहिलेला माणूस, आत बसून त्याला चैन कुठली! पुढच्या भोयाने मागच्यांना वाट सांगायची, ती त्याची सवय जाईना. पहिलं वळण येताच तो आतून ओरडला, "पायरी निसरडी हाय रं! जपून!"

"कुठे? कुठे?" मागून गुडघे धरत उतरणाऱ्या पंतांनी विचारलं, आणि वर सदरेवर राजे पुन्हा पोट धरून हसू लागले!