तिसऱ्या राजाचा ओ

केळशेतच्या तळ्यावर पाच समाध्या एका रांगेत आहेत. चार चांगल्या पुरुषभर उंच, आणि मधली, तिसरी, जेमतेम गुडघ्याएवढी. पाहुणे येतात, फोटो काढतात आणि हमखास विचारतात, ही काय राजाच्या कुत्र्याची का? मग तळ्यावरचे आबा गुरव तडकतात. "जिभेला काही हाड? राजा आहे तो. चपला काढा, बसा खाली आणि ऐका."

आबा सांगतात ते असं. इथल्या राजघराण्याची रीत होती, गादीवर बसेल त्यानं रुद्राजी हेच नाव घ्यायचं. बापही रुद्राजी, लेकही रुद्राजी. बोलणं कुणाबद्दल चाललंय ते कळायची पंचाईत! तेव्हा दरबारात एक फिरंगी होता म्हणे. तो म्हणाला, आमच्या मुलखातही राजांची नावं अशीच फिरून फिरून येतात, म्हणून आम्ही त्यांना आकडे देतो. पहिल्याला जिवंतपणी कुणी पहिला म्हणत नाही, त्याच नावाचा दुसरा आला की मागचा पहिला ठरतो. आणि माणूस चांगला असो, वाईट असो, एक दिवस का होईना गादीवर बसला की त्याचा आकडा त्याचाच. दरबाराला ही युक्ती फार आवडली.

दुसरे रुद्राजी तापानं गेले, तेव्हा त्यांचा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याची आई द्वारकाबाई. डोळ्यांतलं पाणी पुसून तिनं लेकाला गादीवर बसवलं. चोपदारानं काठी आपटून पुकारा केला, "रुद्राजी राजे तिसरे!" आणि पोरगं गादीवरून मोठ्यानं म्हणालं, "ओ!"

अख्खा दरबार हसला. अरे, राजानं ओ द्यायचा नसतो, पुकारा नुसता ऐकायचा असतो, हे आईनं त्याला परोपरीनं समजावलं. पण छे! सकाळी पुकारा झाला की याचा ओ ठरलेला. नवऱ्यामागं बाई पहिल्यांदा हसली ती त्या ओमुळंच, असं सांगतात.

मग एके दिवशी मुलगा तळ्यावर गेला तो परतलाच नाही. पायरीवर त्याची टोपी तेवढी सापडली. त्याचे चुलते धारराव छाती पिटून रडले. पाय घसरला असेल, म्हणाले, पाण्याबरोबर तळ्याच्या मोरीतून खाडीला गेला असेल. द्वारकाबाईनं ते खरं मानलं. दिराचं रडणं बघवेना, तेव्हा उलट तिनंच त्याला धीर दिला.

सुतक फिटलं आणि दवंडी पिटली गेली, की धारराव आता रुद्राजी राजे तिसरे म्हणून गादीवर बसणार. बाई हबकलीच. दवंडीवाला चुकला असेल म्हणून ती स्वतः धाररावांकडं गेली.

"भावोजी, तुम्ही चौथे. तिसरा माझा बाळ."

"वहिनीसाहेब, पोर गादीवर खेळलं. त्याला काय राज्य केलं म्हणायचं?"

"गादी तुमची, गड तुमचा. मला काही नको. फक्त चौथे म्हणवून घ्या."

"तो विषय संपला," म्हणून धाररावांनी तोंड फिरवलं.

बाईच्या पायाखालची जमीन सरकली. पोर गेलं, हे तिनं कसंबसं गिळलं होतं. पण ते राजा झालंच नव्हतं, असं आता सगळ्या मुलखानं म्हणायचं? आणि एका आकड्यापायी हा माणूस इतका का अडून बसलाय, हे काही केल्या तिला उमजेना.

धारराव गादीवर बसले आणि नव्या राजाच्या रीतीप्रमाणे जलपूजनासाठी याच तळ्यावर आले. भर दुपार, काठावर मुंगीला वाट नाही एवढी गर्दी. द्वारकाबाई पायरीवर उभी होती. चोपदारानं काठी आपटली. "रुद्राजी राजे तिसरे!"

"ओ!"

पाण्यातून आला म्हणे तो आवाज. सहा वर्षांच्या पोराचा, खणखणीत. चोपदाराच्या हातून काठी गळून पडली. बायकांनी आपली पोरं उराशी धरली. काही जण सांगतात, तो ओ आईच्याच तोंडून निघाला, तिच्याही नकळत. तुम्हाला काय मानायचं ते माना, आबा म्हणतात, पण ऐकला तो सगळ्यांनी.

"पुन्हा पुकार!" धारराव ओरडले. चोपदारानं काठी उचलली, हुकूम तो हुकूम. त्यानं पुकारलं.

"ओ!"

तसा धारराव तळ्याकडं बघून किंचाळला, "गप! अरे, कमरेला धोंडा बांधलाय तुझ्या, वर आलास कसा?"

बाप रे! सख्खा चुलता! धोंड्याचं कुणाला ठाऊकच नव्हतं. द्वारकाबाई दिराकडं बघत राहिली. ज्याला आपण धीर दिला तो हा, एवढंच तिला कळत होतं. भोयांनी बुड्या मारल्या आणि पोराला वर आणलं. धोंडा तसाच बांधलेला होता.

धाररावाला तिथंच धरलं. तो पुढं कोठडीत मेला. पण त्याला धरलं त्याच दिवशी दरबारी बाईपुढं हात जोडून आले. म्हणाले, बाईसाहेब, या पाप्याचं नाव आम्ही रांगेतून काढून टाकतो, पुढचा जो येईल तो चौथा. त्यांना वाटलं, बाई समाधान पावेल.

"नाही," द्वारकाबाई म्हणाली. "चौथा हाच. मेल्यावर याची समाधीही माझ्या लेकाला लागूनच बांधा."

खुन्याला पोराच्या शेजारी? एका म्हाताऱ्या कारभाऱ्यानं तर कानांवर हात ठेवले.

"यानं माझ्या लेकाला पुसायला काढलं होतं," बाई म्हणाली. "याला पुसलंत, तर माझ्या लेकाचं काय झालं ते उद्या कोण विचारणार?"

पुढं भाऊबंदांतला एक जण गादीवर बसला, तो पाचवा. त्याच्यानंतर संस्थानच राहिलं नाही.

आजही जत्रेला गुरव तळ्यावर उभा राहून राजांची नावं पुकारतो. पहिल्या-दुसऱ्याला लोक नुसते हात जोडतात. तिसऱ्याचं नाव आलं की लहानथोर सगळे एका आवाजात ओ देतात. चौथ्याचं नावही पुकारतात. तेव्हा कुणी ओ देत नाही, कुणी हात जोडत नाही. गुरव मात्र पाचव्याकडं वळत नाही, थांबून राहतो. गर्दीतून एखादं पोर "यानं काय केलं?" असं विचारतं, आणि त्याची आई त्याला जवळ ओढून सगळं सांगते. तिचं सांगून झाल्यावरच पाचव्याचं नाव घेतात.