आमेनच्या अलीकडे

"देव आधी, की लेकरू आधी? बाई, एकदाच काय ते सांगून टाका."

सुवार्ता उंबऱ्यातूनच म्हणाली. कडेवर दीड वर्षाचा योनू. त्याच्या उजव्या हाताला पांढरी पट्टी.

तबिथाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. वाड्यावस्त्यांवर पायी हिंडून त्यांनी शुभवर्तमान सांगितलेलं. आता गुडघे गेले, तरी चर्चच्या मंडळीतल्या बायका अडलंनडलं घेऊन त्यांच्याचकडं येत.

"आधी आत तर ये, सुवार्ते."

ती बसली. योनूला खाली सोडलं. पायातले वाळे वाजवत तो घरभर फिरू लागला.

"लग्न झाल्यापासून पहाटेची प्रार्थना चुकवली नाही मी. दाराला कडी घालते, डोळे मिटते, आमेन होईपर्यंत कुणाला ओ देत नाही. परवाही तसंच. बाहेर हा रडला. मला वाटलं, सैतान माझं मन ओढतोय..."

तिनं योनूच्या पट्टीकडं पाहिलं.

"आणि?"

"इस्त्री. शर्टावर फिरवून ह्यांनी तशीच खाली ठेवलेली, आणि गेले आंघोळीला. वर मलाच म्हणतात, देवाला जरा थांब म्हणायचं होतंस."

बाईंनी भाकरीची कड सारखी केली.

"आणि रविवारी महिला मंडळात बोलायचंय मलाच. विषय काय, तर 'प्रथम स्थान देवाला'." ती हसायला गेली, ते जमलं नाही. "मास्तरीण ना मी, म्हणून मला दिलाय. काय सांगू बायांना? लेकरू भाजलं, पण प्रार्थना पुरी केली?"

तबिथाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

"चल, प्रार्थना करू."

"आत्ता? तव्यावर भाकरी..."

"आत्ताच."

सुवार्तानं डोक्यावर पदर घेतला. डोळे घट्ट मिटले.

"हे प्रभू..." बाई म्हणाल्या. आणि थांबल्या.

छुन. छुन.

वाळे भांड्यांपाशी वाजले. मग पिठाच्या डब्यापाशी. मग जरा इकडं, चुलीच्या अंगाला.

सुवार्ताच्या मुठी वळल्या. बाई बोलत का नाहीत? ... परीक्षाच असणार ही. अब्राहामाचीही झाली होती, पोटच्या पोराचा बळी मागून. डोळे उघडले की आपण नापास. वर्गभर पोरांना परीक्षेला भिऊ नका म्हणून सांगणारी ती आता स्वतःच भिऊन डोळे आणखी आवळून बसली.

"प्रभू..." बाई पुन्हा पुटपुटल्या. पुढं काही नाही.

छुन...

वाळे थांबले.

डोळे कधी उघडले, तिला कळलंच नाही. झेप घेऊन तिनं योनूला कमरेला धरून मागं खेचलं. तो भेदरून रडू लागला.

मग तिनं पाहिलं. चूल आणि पोर यांच्या मधे तबिथाबाईंचा दुखरा पाय आडवा पसरलेला होता. डोळे टक्क उघडे, योनूवर लागलेले. ओठ हलत होते.

"तुम्ही... डोळे मिटलेच नव्हते?"

बाईंनी भाकरी उलटली.

सुवार्ताला रडू फुटलं. "मोडली ना बाई प्रार्थना. माझ्यामुळं मोडली. पुन्हा पहिल्यापासून करू. थांबा, याला शेजारी देऊन येते..."

"बस खाली."

"अहो, पण मोडली ना?"

तबिथाबाईंनी फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा काढला, फुंकर घालून निववला आणि योनूच्या चांगल्या हातात दिला.

"मोडली कशी? आमेन कुणी म्हटलं?"