शिंगाचे उत्तर

एका डोंगराच्या उतारावर एकाखाली एक अशी दोन तळी होती. वरच्या तळ्याचे पाणी सोडले की ते ओढ्याने धावत खालच्या तळ्यात येई. दोन्ही तळ्यांच्या बांधांच्या पायथ्याशी पाणचक्क्या होत्या. साऱ्या नगरीचे पीठ तिथेच दळले जाई. खालच्या तळ्याच्या पुढे नदीचे रुंद पात्र होते. उन्हाळ्यात तिथल्या वाळूत लोक कलिंगडे लावत आणि झोपड्या घालून राहत.

वरचे तळे रायाजी सांभाळी. खालचे तळे त्याच्या बहिणीचा नवरा हैबती सांभाळी. हैबतीची मुलगी गिरजा तान्ह्या बाळासह नदीपात्रातल्याच एका झोपडीत नांदत होती.

पाणी सोडायची एक रीत ठरलेली होती. आधी रायाजी वरून एक लांब शिंग फुंकी. ते ऐकताच पात्रातली माणसे पोरेबाळे घेऊन काठावर चढत. मग हैबती आपले दार उघडून तळ्यात जागा करी आणि जागा झाली की दार लावून दोनदा शिंग फुंकी. त्यावर रायाजी वरचे दार उघडी, आणि ते पाणी आता खालच्या तळ्यात मावणार म्हणून माणसे निर्धास्तपणे पुन्हा वाळूत उतरत.

एका उन्हाळ्यात डोंगरावर अवकाळी पाऊस कोसळला. रायाजी घाईघाईने खाली आला.

"दाजी, माझं तळं तुडुंब झालंय. आज सोडावंच लागेल. तुमचं चांगलं खाली उतरवा."

हैबतीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तळे काठोकाठ असले की पाणी जोरात पडते आणि चक्की गरगर फिरते. दुसऱ्या दिवशी राणीसाहेब चक्की बघायला येणार होत्या. त्यात दळायला धान्यही उरले नव्हते.

"म्हणजे पाणी नुसतं वाहू देऊ? पीठ पडत नसताना?"

"अहो, तळ्यालाही पोट असतं. भरल्या पोटावर आणखी वाढलं की काय होतं, ते आमच्या ताईला विचारा. दिवाळीत तिनं तुमचं बघितलंय."

"जा, जा. शहाणपण वर जाऊन शिकव."

रायाजी हसत वर गेला. थोड्या वेळाने त्याचे शिंग वाजले. हैबतीने दाराच्या दांड्याला हात घातला. समोर तळे कसे चकाकत होते! त्याचा हात मागे आला. जास्तीचे पाणी सांडव्यावरून जाईल की, त्यात काय एवढे, असे त्याने मनाला समजावले. दार बंदच राहिले. त्याने शिंग तोंडाला लावले आणि दोनदा फुंकले.

दुपारी ओढा गढूळ लाल होऊन आला. झाडांच्या फांद्या, ओंडके, सगळे घेऊन आला. सांडवा भरून वाहू लागला, तरी तळे चढतच होते. हैबतीने दांडा ओढला. दार हलेना. बघता बघता पाणी बांधावरून गेले आणि बांधाचा एक कोपरा ढासळला. असा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

पात्रात माणसे आहेत, हे त्याला तेव्हा आठवले.

"पळा! वर चढा!" असे ओरडत तो धावला. नदीकाठी पोचला तेव्हा वाळू दिसत नव्हती. झोपड्या नव्हत्या. वेल नव्हते. गिरजाच्या बाळाची झोळी एका बाभळीला अडकून पाण्यात हेलकावत होती. ती रिकामी होती.  हैबती तिथेच बसला.

"आबा."

मागे काठावर माणसे दाटीने उभी होती. चिखलाने माखलेली, थरथरणारी. पाण्याचा आवाज ऐकून ती जीव घेऊन वर धावली होती. गिरजाने बाळाला छातीशी घट्ट धरले होते.  ती वडिलांना हळू आवाजात म्हणाली,

"आबा, मामाचं शिंग ऐकून आम्ही सगळे वर आलो होतो. मग तुमचं ऐकलं, म्हणून बाळाला घेऊन परत खाली गेलो."

 काठावरचे सगळे हैबतीकडेच बघत होते.

तात्पर्य: न केलेले काम केले असे सांगू नये; आपल्या शब्दावर विसंबून कोण कुठे उभे आहे, हे आपल्याला दिसत नसते.