नंदिका तेलिणीनं धरलेलं मनगट

शालवती नगरीवर मेघवर्ण राजाचं राज्य होतं, त्या पूर्वीच्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका ब्राह्मणाच्या घरी जन्मले आणि पुढे राजाच्या न्यायसभेचे मुख्य झाले.

त्या नगरीत चोरीला एकच शिक्षा होती. चोराचा उजवा हात पाटावर ठेवायचा आणि कुऱ्हाडीनं तोडायचा. मग त्याचं घरदार जप्त व्हायचं. त्यातला अर्धा वाटा राजाच्या कोठारात जायचा, अर्धा न्यायाधीशाच्या घरी. त्यामुळे आधीच्या न्यायाधीशांना चोर सापडला की कोण आनंद व्हायचा!

आता जुनी चाल अशी होती, की कुऱ्हाड पडताना चोराचं मनगट फिर्यादीनं स्वतः धरायचं आणि त्याच हाताचा दंड न्यायाधीशानं. पण हे कुणाला झेपावं? कुणाला भोवळ यायची, कुणी ऐन वेळी माघार घ्यायचं. शिक्षा अडायची, नि वाटाही बुडायचा. म्हणून कुण्या शहाण्यानं धरायला भाड्याचा माणूस ठेवला. हल्ली ते काम लोमश नावाचा धिप्पाड गडी करायचा. तो धरायचा, न्यायाधीश आसनावर विडा चघळत बसायचे, फिर्यादी सावलीत उभा राहायचा. होता होता लोकांना वाटू लागलं, की कायदाच तसा आहे.

बोधिसत्त्व आसनावर बसले आणि चोरीचा पहिलाच खटला आला, तो नंदिका तेलिणीचा.

नंदिकाचा नवरा कधीच वारला होता. घाणा ती एकटीनं चालवायची, आणि बाई अशी फटकळ, की गिऱ्हाईकसुद्धा तेल घेऊन मुकाट्यानं घरी जायचं. तिचा पिंगळ नावाचा बैल बलाहक विणकरानं गोठ्यातून सोडून नेला होता. या बलाहकाला फाशांचा नाद. आधी स्वतःचा माग जुगारात घालवला, मग हा बैल नदीपलीकडच्या एका तांड्याला विकला, आणि ते पैसेही फुंकून टाकले. भूक नाही, आजार नाही, नुसता नाद! अशा माणसाची दया कुणाला यावी?

"स्वामी, वासरू होता तेव्हापासून पोसला मी त्याला," नंदिका सभेत म्हणाली. "घाणा बंद पडलाय माझा. रिकाम्या गोठ्याकडे बघवत नाही. या मेल्याचा हात तोडा!"

"चोरी मीच केली," बलाहक खाली मान घालून म्हणाला.

लोमश दंड थोपटत पुढे झाला. बोधिसत्त्वांनी त्याला हातानंच थांबवलं.

"बाई, गुन्हा शाबीत झाला. शिक्षा मागायचा तुला हक्क आहे. पण मनगट तू धरायचंस."

"मी? मग हा कशाला ठेवलाय?"

"याचं काही चोरीला गेलेलं नाही. ज्याचं गेलं त्यानं धरायचं, अशी आपली चाल आहे. दंड मी धरतो." एवढं बोलून बोधिसत्त्व आसनावरून उतरले आणि पाटापाशी खाली मातीत बसले. सभा बघतच राहिली.

"धरते की! मी काय भिते होय?" नंदिकानं पदर खोचला. "माजलेल्या बैलाची शिंगं धरलीत या हातांनी."

तिनं बलाहकाचं मनगट पाटावर दाबलं. ते घामानं ओलं झालं होतं आणि तिच्या अंगठ्याखाली शीर थडथड उडत होती. तिनं पिंगळ आठवला, त्याची रिकामी दावण आठवली आणि पकड आणखी घट्ट केली. कुऱ्हाडवाला समोर येऊन उभा राहिला.

तेवढ्यात बलाहक हळूच म्हणाला, "बाई, बोटं जरा मागे घ्या. मी कितीही ठरवलं तरी हात हिसडणार. कुऱ्हाड तुमच्या बोटांवर यायची."

"मेल्या, आत्ता सुचतंय होय शहाणपण!" नंदिका खेकसली, पण तिचा आवाज फुटला. तिनं वर पाहिलं. बोधिसत्त्वांचे डोळे भरून आले होते, पण धरलेला दंड त्यांनी सोडला नव्हता. तिला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, बलाहकाचा तर आलाच. या न्यायाधीशानं आसनावर बसून नुसता हुकूम सोडला असता, तर आपण सुखानं सावलीत उभ्या असतो, हेही तिला कळलं.

कुऱ्हाड वर गेली.

"थांबा!" नंदिका ओरडली. "नको मला याचा हात. मी काय करू त्याचं?"

सभेत राजाशेजारी बसलेला सेनापती तडक उठला. "महाराज, असा सोडला तर उद्या घरोघरी चोऱ्या होतील!"

"सोडला कुठे?" बोधिसत्त्व म्हणाले. "बलाहक, तुझा हात वाचला तो या बाईमुळे. तिचा बैल मिळेपर्यंत घाण्याचं जू तुझ्या खांद्यावर. आणि फाशांना शिवलास, तर गाठ माझ्याशी आहे."

"आणि मी 'हो, हो' केलं की बैलासारखं थांबायचं," नंदिका डोळे पुसत म्हणाली. "पिंगळ तुझ्यापेक्षा शहाणा होता!"

सभा हसली. जप्ती टळली, राजाचा वाटा गेला आणि न्यायाधीशाचाही. लोमश मात्र कुरकुरला, "स्वामी, माझ्या पोटाचं काय?"

"नदीपलीकडे जा. राजाज्ञा दाखव आणि बैल शोधून आण. गेलेलं परत आणायला आम्हाला तुझ्यासारखाच गडी हवा."

त्या संध्याकाळी राजानं बोधिसत्त्वांना एकांतात विचारलं, "तिनं थांबवलं नसतं तर?"

"तर त्या आसनावर मी पुन्हा बसलो नसतो, महाराज."

दुसऱ्या दिवशी राजानं दवंडी पिटवली, की यापुढे मनगट धरायला भाड्याचा माणूस चालणार नाही आणि जप्तीत न्यायाधीशाला वाटा नाही. चोर त्यानंतरही सापडले. शिक्षा म्हणून कुणी विहिरी खणल्या, कुणी ज्याचं चोरलं त्याचीच शेतं नांगरली. पण मेघवर्णाच्या राज्यात त्या पाटावर पुन्हा हात तुटला नाही. लोमशनं पिंगळ शोधून आणला, तेव्हा बलाहकाच्या खांद्याला घट्टे पडले होते. जू उतरलं तरी तो गेला नाही. नंदिकाच्याच अंगणात त्यानं नवा माग मांडला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली. रोहक नावाच्या भिक्षूचं भिक्षापात्र एका म्हाताऱ्या भिक्षूनं चोरलं होतं. म्हातारा रडून चूक कबूल करत होता, आणि रोहक "याला संघातून हाकला" म्हणून अडून बसला होता.

शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे माझा शिष्य आनंद होता आणि न्यायाधीश मीच होतो. रोहका, ज्याला तू हाकलायला निघाला आहेस, तोच हा म्हातारा त्या जन्मी नंदिका तेलीण होता. आणि बलाहक तू होतास."

रोहक उठला आणि म्हाताऱ्याच्या पायांशी जाऊन बसला. दुसऱ्याला शिक्षा सांगताना स्वतः त्याच्या जवळ जाऊन बसावं, या करुणेनंच पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाचे सद्गुण, पूर्णत्वाला जातात.