जोडायचे काहीच नसलेली भोके

कऱ्हाडात एकदा एका वृद्ध गुरूंकडे एक हुशार विद्यार्थिनी काम शिकत होती. गुरूंचे नाव खटावकर. मोजमापाची विद्युत उपकरणे घडवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. विद्यार्थिनी शर्वरी नुकतीच अभियांत्रिकी पूर्ण करून आली होती.

जवळच्या अंधशाळेत क्रीडादिन होणार होता. मुलांनी आवाजाच्या रोखाने धावावे, म्हणून अंतिम रेषेवर ठेवायचा एक भोंगा शाळेला हवा होता. गुरूंनी ते काम शर्वरीवर सोपवले.

शर्वरीने संगणकावर भोंग्याच्या सर्किट बोर्डाचा आराखडा आखला. एकेक भाग सरकवत, वीज वाहून नेणाऱ्या रेघा वळवत तिने तो आगपेटीएवढा केला. सॉफ्टवेअरने तपासून निर्वाळा दिला : एकही चूक नाही. ती हरखून म्हणाली, "सर, यात आता तीळ ठेवायलाही जागा नाही!"

खटावकरांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले. "सुरेख. आता बोर्ड दुप्पट लांब कर. वाढलेल्या भागात नुसती भोके पाड. ती कशालाही जोडू नकोस."

"मग ती कशासाठी?"

"ते मलाही अजून ठाऊक नाही," गुरू शांतपणे म्हणाले.

शर्वरीला हसावे की रडावे कळेना. तीन दिवस खपून वाचवलेली जागा एका वाक्यात गेली होती. तरी गुरूंचा शब्द मोडवेना, म्हणून तिने भोके पाडली आणि आराखडा कारखान्याकडे पाठवला.

आठ दिवसांनी बोर्ड आला. तिने भाग बसवून कथिलाचे डाग दिले, बटण दाबले, आणि भोंगा खोलीत खणखणीत वाजला. शर्वरीने टाळीच वाजवली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर चाचणी झाली. वारा सुटला होता. रेवती नावाची दहा वर्षांची मुलगी धावत निघाली, मध्यावर अडखळली आणि भलत्याच दिशेला वळली. शिक्षकांनी तिला धरून आणले, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, तुमचा डबा पुटपुटतो. जरा बोलायला शिकवा त्याला!"

सगळे हसले. शर्वरीही हसली, पण मनात हिशेब करू लागली. आवाज वाढवायला मोठा कर्णा हवा होता, त्याला जादा वीज द्यायला आणखी चार भाग हवे होते. नवा बोर्ड यायला आठ दिवस लागणार आणि क्रीडादिन चार दिवसांवर!

कार्यशाळेत परतल्यावर बोर्ड हातात घेऊन ती तो उलटसुलट पाहू लागली. मग तिची नजर त्या रिकाम्या भोकांवर गेली. तिने घाईघाईने चारही भाग त्यांत बसवले, आखूड तारांनी बोर्डावरच्या मूळ सर्किटला जोडले आणि मोठा कर्णा लावला. बटण दाबताच शेजारचा शिंपी कात्री घेऊनच बाहेर धावत आला.

क्रीडादिनी अकरा मुले सुटली. वारा होताच. पण एकही मूल वाकडे गेले नाही. रेवती दुसरी आली आणि पहिली आलेल्या मुलीशी "मीच आधी पोचले" म्हणून भांडू लागली.

त्या गलक्यात शर्वरीने गुरूंना विचारले, "सर, आवाज कमी पडणार हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"छे! मला ना मैदान ठाऊक, ना वारा," खटावकर म्हणाले. "आपल्याला सगळं ठाऊक नाही, एवढंच ठाऊक होतं. संगणकाने तुझ्या रेघा तपासल्या, पण तू त्याला वारा सांगितलाच नव्हतास, मग तो काय तपासणार? पोरी, पहिला बोर्ड बरोबर यावा म्हणून करायचा नसतो. काय चुकलं ते कळावं आणि तिथेच सुधारता यावं, म्हणून करायचा. पंगतीत एक पाट जास्त मांडतात, तो काय पाहुण्याचं नाव विचारून?"

आपण इतके दिवस जिला वाया गेलेली जागा म्हणत होतो, ती नम्रता होती, हे शर्वरीला उमगले. समोर मुलांची दुसरी शर्यत सुटली होती, आणि ती अंतिम रेषेवर भोंग्याशेजारी उभी राहून मोठमोठ्याने त्यांची नावे पुकारू लागली.